मांजराची शुगर घरच्या घरी: ॲक्यु-चेक इन्स्टंट पाच महिने वापरून

पाचपैकी चार स्टार देतेय, एक का कापला ते पुढे सांगते. मशीन माणसांचं आहे, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं ते, आणि मी ते वापरते आमच्या भुऱ्यासाठी. भुऱ्या म्हणजे आमचा ११ वर्षांचा बोका, लहानपणीच नसबंदीचं ऑपरेशन झालेला, एकेकाळी चांगला ७ किलोचा होता. नाशिकमध्ये मांजराच्या शुगरबद्दल विचारायला गेलं की निम्मे लोक आधी "मांजराला पण शुगर होते?" असं विचारतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय, ज्याच्या घरी हे आत्ताच कळलंय त्याला उपयोग व्हावा.

आमच्याकडे कळलं ते मुंग्यांमुळे. भुऱ्या पहिल्यापासून मागच्या मोरीत जाळीपाशी लघवी करतो, मी पाणी टाकते आणि विषय संपतो. नोव्हेंबरात एक दिवस बघते तर जाळीपासून भिंतीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग, धुतलं तरी संध्याकाळी परत तेच. माझ्या सासऱ्यांना (मी त्यांना बाबाच म्हणते) स्वतःलाच १५ वर्षं शुगर आहे, ते बघितल्या बघितल्या म्हणाले, "अगं, हे साखरेचं आहे, डॉक्टरकडे ने त्याला." मग एकेक गोष्ट डोक्यात जुळायला लागली, बाथरूमच्या बादलीत तोंड घालून तो पाणी पीत बसायचा, दोनदा खाऊन परत ओट्यापाशी ओरडायचा आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता. सगळ्यात वाईट म्हणजे मागचे पाय, बोटांवर चालायच्या ऐवजी टाच पूर्ण टेकवून चालायचा आणि खिडकीवर उडी मारायची सोडून खालीच बसून वर बघायचा. मला वाटलेलं वय झालं. वय नव्हतं, साखर वाढून पायाच्या नसांवर परिणाम झाला होता. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेली की किडनी ती अडवू शकत नाही आणि ती लघवीतून जायला लागते, म्हणून त्या मुंग्या.

डॉक्टरांनी रक्त लघवी दोन्ही तपासलं, फ्रुक्टोसामाइन नावाची टेस्ट पण केली. आपल्याकडे माणसांची एचबीएवनसी असते ना तशीच ही समजा, मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगते. ही टेस्ट महत्त्वाची का तर मांजर घाबरलं की त्याची साखर नुसत्या भीतीनेच वाढते, आणि थोडीथोडकी नाही, शुगर नसलेल्या मांजराची सुद्धा ३०० च्या वर जाऊ शकते. आता विचार करा, आम्ही राहतो इंदिरानगरला आणि डॉक्टर गंगापूर रोडला, म्हणजे रिक्षात बास्केट मांडीवर घेऊन मुंबई नाका, सीबीएस, अशोक स्तंभ, हॉर्न, बसेस, मग वेटिंगमध्ये समोर एक लॅब्रेडॉर. तिथे पोचेपर्यंत भुऱ्याचे डोळे नुसते काळे झालेले असतात. त्या अवस्थेत काढलेल्या रक्ताचा आकडा बघून इन्शुलिनचा डोस ठरवायचा म्हणजे कठीणच.

आणि आमच्याबाबतीत तेच होणार होतं. ग्लार्जीन नावाचं इन्शुलिन सुरू झालं, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, आधी १ युनिट, दोन आठवड्यांनी २. त्यानंतर तपासायला नेलं तेव्हा आकडा आला ४१२ आणि ३ युनिट करू असं ठरत होतं. मी नुकतंच घरी मोजायला शिकत होते म्हणून म्हटलं डॉक्टर मला चार दिवस द्या, घरी दिवसभराचे आकडे काढून आणते. रविवारी काढले. सकाळी ७ ला इन्शुलिनच्या आधी २६८, ९ ला २३१, ११ ला १५८, दुपारी १ ला ९७, ३ ला ८८, ५ ला १४१, संध्याकाळी ७ ला २५२. दर दोन तासांनी बारा तास मोजायचं, याला कर्व्ह म्हणतात. वही बघून डॉक्टर स्वतःच म्हणाले की दुपारचा खालचा आकडा ८० ते १५० मध्ये राहिला की आपल्याला पुरे आहे, डोस अजिबात वाढवायचा नाही. दवाखान्यात ४१२ आणि घरी दुपारी ३ ला ८८, एकाच आठवड्यात, एकच मांजर, तोच डोस. ३ युनिट दिले असते तर तो ८८ कुठे गेला असता याचा विचार करून मला अजूनही पोटात गोळा येतो.

आता मशीनबद्दल. आधी मी बाबांचं जुनं मशीन वापरून बघितलं, कंपनीचं नाव घेत नाही, माणसांसाठी ठीक होतं, पण त्याला १ ते २ मायक्रोलिटर रक्त लागायचं, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा थेंब. मोहरी एवढी काय मोठी असं वाटतं पण मांजराच्या कानातून तेवढा थेंब निघेपर्यंत माझ्या डोळ्यात पाणी यायचं, थेंब कमी पडला की एरर, परत टोचा, परत एरर, एका सकाळी चार स्ट्रिप गेल्या आणि भुऱ्या कपाटाखाली जाऊन बसला तो दुपारपर्यंत बाहेर नाही. मग बाबांनीच सांगितलं, कमी रक्त लागणारं घे. ॲक्यु-चेक इन्स्टंटला ०.६ मायक्रोलिटर लागतं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं धरा. मोहरी आणि राजगिरा एवढाच फरक, पण माझ्यासाठी या पूर्ण रिव्ह्यूतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. दुसरं म्हणजे स्ट्रिपची पुढची अख्खी पिवळी कड रक्त ओढून घेते, बरोबर मधोमधच लावलं पाहिजे असं नाही, मांजर मान हलवणारच आहे त्यामुळे हे फार उपयोगी पडतं. कोड-बिड टाकायचा नाही, स्ट्रिप घातली की मशीन चालू, चार सेकंदात आकडा. आकडे मोठे दिसतात, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येतात.

रक्त कुठून काढायचं तर कानाच्या बाहेरच्या कडेवरून. कडेला समांतर एक शीर जाते, मोबाईलचा टॉर्च कानाच्या मागून धरला की लालसर रेघ स्वच्छ दिसते. त्या शिरेत टोचायचं नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या बारीक पट्टीत टोचायचं, बारीक केशवाहिन्या असतात तिथे. कानाच्या मागे कापसाची घडी धरायची नाहीतर सुई आरपार येऊन आपल्याच बोटात जाते. टोचायच्या आधी कडेला व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट फिरवायचं, त्याने रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब उभा राहतो आणि स्ट्रिप टेकवली की सुर्रकन आत जातो. मशीनसोबत टोचायचं जे पेन येतं ते मी वापरत नाही, त्याचा टक् आवाज त्याला आवडत नाही, लॅन्सेट (त्यातली टोचायची छोटी सुई) हातात धरूनच टोचते. आणि सुरुवातीला फार बारीक सुई घेऊ नका, ३० किंवा ३३ गेजची सुई कमी दुखेल असं वाटतं पण रक्तच येत नाही आणि तीनदा टोचावं लागतं, त्यापेक्षा २८ ची एकदाच. नंतर कापसाने दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवायचं, हे विसरलं की कान काळानिळा होतो, माझ्याकडून झालंय. एक दिवस उजवा कान, एक दिवस डावा.

पण हे सगळं करूनही जानेवारीत रक्त यायचं नाही. नाशिकची जानेवारीतली सकाळ तुम्हाला माहीत आहे, फरशीवर पाय ठेववत नाही, आणि मांजराचे कान तर बर्फासारखे गार, गार कानात रक्त वाहतच नाही नीट. यावर उपाय आमच्या घरात निघाला तो असा की कढईत मूठभर तांदूळ कोरडेच गरम करायचे, स्वच्छ सुती मोज्यात भरून गाठ मारायची, आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं आणि मग कानावर एक मिनिट धरायचं. भुऱ्याला ते इतकं आवडतं की डोळे मिटून मान वाकडी करतो. बाबा पलंगावर बसून टॉवेल मांडीवर घेतात, तो टॉवेल पांघरला की भुऱ्याला कळतं, मी मोजा धरते, टोचते, थेंब, स्ट्रिप, आकडा, मग उकडलेल्या चिकनचे दोन बारीक तुकडे. हे चिकन रोज त्याच वेळी, त्याच जागी दिलं पाहिजे, रक्त आलं नाही तरी दिलं पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून तो सकाळी पावणेसातला स्वतःच येऊन टॉवेलवर बसायला लागला. पहिल्यांदा आला त्या दिवशी मी आणि बाबा एकमेकांकडे बघतच राहिलो. त्यानंतर बाबा आधी त्याची शुगर लिहितात, मग स्वतःची, एकाच वहीत दोन रकाने.

आता तो कापलेला स्टार. मशीन माणसाच्या रक्तासाठी बनवलंय आणि मांजराचं रक्त वेगळं असतं हे त्याच्या पुस्तिकेत कुठून असणार. माणसाच्या रक्तातली साखर साधारण ५८ टक्के प्लाझ्मात (रक्ताच्या पातळ भागात) आणि ४२ टक्के लाल पेशींत असते, मांजरात प्लाझ्मात ९३ टक्के आणि पेशींत फक्त ७. माणसांचं मशीन माणसाचा हिशोब धरून आकडा दाखवतं त्यामुळे मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हे माणसांच्या बहुतेक मशीनना लागू आहे. प्राण्यांसाठी वेगळं मशीन असतं, अल्फाट्रॅक, त्याला कुत्र्याचं रक्त आहे का मांजराचं ते सांगता येतं आणि ०.३ मायक्रोलिटरच रक्त लागतं. मी कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोडच्या दुकानांत विचारून आले, कुणाकडे नव्हतं, आणि बाहेरून मशीन मागवलं तरी त्याच्या स्ट्रिप कायम मिळत राहतील का हा प्रश्न होताच. रोज दोन-तीन स्ट्रिप लागतात, संपल्या की मध्यरात्री पण मिळायला हव्यात. म्हणून डॉक्टरांशी बोलून माणसांचंच ठेवलं, फक्त दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, मशीन बदलायचं नाही, आजचा आकडा कालच्या त्याच मशीनच्या आकड्याशीच ताडायचा, दवाखान्याच्या लॅबशी नाही. दोन, या मशीनवर ५० च्या खाली आलं की तो धोका समजून लगेच हालचाल करायची. प्राण्यांच्या मशीनवर ही रेघ वर असते, ६५ च्या आसपास, त्यामुळे तुम्ही कुठल्या मशीनवर मोजताय हे डॉक्टरांना आकडा सांगतानाच सांगा.

ती ५० ची रेघ आम्हाला फेब्रुवारीत कामाला आली. चूक माझीच होती. डॉक्टरांनी सांगितलेलं की कोरडं खाणं हळूहळू बंद करून कमी कार्बचं ओलं खाणं सुरू करा, कोरड्या दाण्यांत पिठाचा भाग भरपूर असतो आणि मांजराचं शरीर मांसावर चालणारं, त्याला ते पचवायला इन्शुलिन जास्त लागतं. आणि बदलताना मला कळवा असंही सांगितलेलं. मी दुकानात ओले पाउच चांगले मिळाले म्हणून चार दिवसांत सगळं बदलून टाकलं, दूध-पोळी पण बंद, आणि फोन केला नाही. इन्शुलिन तेच २ युनिट. पाचव्या दिवशी दुपारी दोनला भुऱ्या पाणी प्यायला उठला आणि वळताना मागून घसरला, फरशी ओली असेल म्हणून मी दुर्लक्ष करणार होते पण बाबा म्हणाले मोज. ४८. हात थरथरत होते माझे. मध बोटावर घेऊन त्याच्या हिरडीला आतून चोळला (तोंडात ओतायचा नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जाऊ शकतो), मग समोर खाणं ठेवलं, ते त्याने खाल्लं, डॉक्टरांना फोन लावला, १५ मिनिटांनी मोजलं ६१, अजून १५ मिनिटांनी ८३, मग संध्याकाळपर्यंत दर तासाला. त्या रात्रीचा डोस डॉक्टरांनी थांबवला आणि दुसऱ्या दिवसापासून १ युनिट केलं. मांजर खात नसेल, झटके येत असतील, उठत नसेल तर घरी आकडे बघत बसू नका, मध चोळत चोळत रिक्षात बसा. मशीन नसतं तर मी "ओली फरशी" म्हणून सोडून दिलं असतं आणि सातला परत २ युनिट टोचले असते. चार स्टार त्यासाठी आहेत.

इन्शुलिनच्या सुईबद्दल एक सांगायलाच पाहिजे, ते मशीनशी संबंधित नाही तरी. आपल्याकडे दोन प्रकारच्या सिरिंज मिळतात, लाल टोपीची ४० युनिटवाली आणि केशरी टोपीची १०० युनिटवाली, म्हणजे एका मिलिलिटरमागे तितकी युनिट. माणसांच्या बऱ्याच साध्या इन्शुलिनच्या बाटल्या ४० च्या असतात, पण आमचं ग्लार्जीन १०० चं आहे. एका मेडिकलवाल्याने मला ग्लार्जीनसोबत सवयीने लाल टोपीची दिली. तिच्यात "१ युनिट"च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर प्रत्यक्षात अडीच युनिट गेलं असतं. चार किलोच्या जिवाला अडीचपट. बाबांनी टोपीचा रंग बघून जागेवर परत पाठवली. घरी आणल्यावर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघा, प्रत्येक नवीन पाकिटाला बघा.

खांद्यावर चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर पण एकदा लावून झालाय, केस काढून लावतात, टोचावं लागत नाही, मोबाईल नेला की आकडा. रात्रीची साखर कशी चालते ते आम्हाला त्याच्यामुळेच पहिल्यांदा दिसलं. पण भुऱ्याने सहाव्या दिवशी सोफ्याला घासून काढला, चार-पाच हजार गेले. शिवाय तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर भराभर उतरत असेल तर तो थोडा मागे राहतो, अशा वेळी कानाचा थेंबच खरा. ज्यांचं मांजर कानाला हातच लावू देत नाही त्यांनी सेन्सरचा विचार जरूर करावा.

खर्चाचं म्हणाल तर मशीन एकदाच घ्यायचं, खरा खर्च स्ट्रिपचा. मला एक स्ट्रिप २० रुपयांच्या आसपास पडते, रोज दोन धरल्या तर महिन्याला बाराशे, कर्व्हच्या दिवशी सात लागतात. स्वस्तात म्हणून एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून चार डबे मागवले, आले तेव्हा एक्सपायरीला पाच आठवडे राहिलेले, दोनशे स्ट्रिप पाच आठवड्यांत कोण संपवणार, परत घेतल्या नाहीत. तेव्हापासून घराजवळच्या मेडिकलमधूनच घेते, तारीख बघून, एका वेळी एकच डबा. रंगपंचमीला मात्र फसले होते, आपल्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीच मोठी, रहाडीच्या (रंगाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात लोक उड्या मारतात) गर्दीत त्या बाजूला जाता येईना आणि आमच्याकडचं दुकान दुपारपर्यंत बंद, डब्यात तीनच स्ट्रिप. आता दहा उरल्या की पुढचा डबा आणतेच. आणि उन्हाळ्यात स्ट्रिप गाडीच्या डिकीत ठेवू नका, डब्यावर ३० अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं आणि एप्रिलात आपल्याकडे ४० च्या घरात जातं, डिकीत तर विचारूच नका. फ्रीजमध्ये पण नको, ओल धरतात. डब्याचं झाकण स्ट्रिप काढली की लगेच घट्ट लावायचं. मी तो डबा माठाच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवायचे, तिथे गार असतं म्हणून, पण तिथे दमट पण असतं, आता कपाटात कपड्यांच्या मधे ठेवते.

मशीनसोबत लघवीतले कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होतात ते) तपासायच्या पट्ट्या पण आणून ठेवा, महाग नसतात. साखर खूप वर, खाणं बंद, उलट्या आणि पट्टीवर कीटोन असं दिसलं तर तो घरी सांभाळायचा प्रकार नाही, ताबडतोब दवाखाना. आमच्यावर ती वेळ आली नाही, पट्टी मी महिन्यातून एकदा मोरीत वाटी धरून करते.

परवा डॉक्टर म्हणाले की आकडे असेच राहिले तर इन्शुलिन अजून कमी करून बघू, काही मांजरांचं लवकर सुरू केलेलं इन्शुलिन आणि खाण्यातला बदल यामुळे पूर्ण बंद पण होतं. भुऱ्याचं होईल की नाही ते वहीच सांगेल. आत्ता तो ५.१ किलो आहे, मोरीत मुंग्या नाहीत, टाच पूर्ण उचलत नाही अजून, पण गेल्या गुरुवारी स्टुलावरून खिडकीत चढला. आजची नोंद: सकाळी ७, डावा कान, १९६, १ युनिट, खाल्लं सगळं. बाबांची १४२.